पंचेचाळीस अंशांची बढाई

फ्रान्समध्ये उष्णतेची लाट आली आणि कारंज्यांत पाय सोडून बसलेल्या माणसांचे फोटो आपल्या वर्तमानपत्रांत छापून आले, की एक ठरलेलं वाक्य कानावर येतं. “अडतीस अंशांत यांची ही गत? आमच्या विदर्भात या म्हणावं एकदा मे महिन्यात.” असं म्हणणारा दर वेळी विदर्भातलाच असतो असं नाही. पुण्या-मुंबईची माणसंही अशा वेळी चंद्रपूरचा पारा स्वतःच्या नावावर लावून घेतात. उन्हाळ्यात युरोपला निघालेल्यांना मिळणारा सल्लाही याच वाक्यातून निघतो. तिकडचा उन्हाळा हा काही उन्हाळा नव्हे, टोपी घाला, बाटली भरून घ्या आणि दिवसभर हिंडा. निघालेली बाई एकटी असेल तर त्याला आणखी एक शेपूट जोडलं जातं. एकटीनं उन्हातान्हात वणवण करण्यापेक्षा चार माणसांबरोबर एसी बसमधून जा, सगळं बघून होईल आणि पैसेही वसूल होतील.

मी अकोल्याची आहे. ही फुशारकी माझ्या गावच्या उन्हाच्या जोरावर मारली जाते, त्यामुळे तिला उत्तर देण्याचा हक्क मला आहे असं मी मानते. फ्रान्समधल्या ल्यों शहरात मी भर उन्हाळ्यात एकटी राहिले आणि एकटीच फिरले. तिथं जे पाहिलं आणि त्या निमित्तानं जे वाचलं, त्यातलं काहीही या फुशारकीला आधार देत नाही.

समोरच्यांचं म्हणणं आधी नीट मांडते, म्हणजे ते सोयीस्कर करून घेतल्याचा आरोप नको. त्यांच्या मते उष्णता हा पाऱ्यावरचा आकडा आहे. ज्यानं मोठा आकडा सोसला, त्याला लहान आकड्याची भीती असू नये. फ्रेंच माणसं एक तर नाजूक आहेत किंवा आळशी, नाहीतर एवढ्या श्रीमंत देशात घरोघरी एसी नसता आणि भर दुपारी अर्धं शहर खिडक्या लावून बसलं नसतं. आणि अशा शहरात एकट्यानं जाणं हा हट्ट आहे, कारण ऊन घोळक्यात बाधत नाही, एकट्यालाच गाठतं.

आकड्यापासून सुरुवात करू, कारण सगळी इमारत त्याच्यावर उभी आहे.

अकोल्यात मे महिन्यात दुपारी दोन वाजता रस्त्यावर कोण दिसतं? ज्याच्यापुढं दुसरा इलाज नाही तोच दिसतो. हातगाडीवाला, बांधकामावरचे मजूर, पोस्टमन. बाकीचं गाव घरात असतं. कूलर चालू असतात, खिडक्यांना वाळ्याच्या ताट्या लावून त्यांवर पाणी मारलेलं असतं, दारं लोटलेली असतात. मार्चपासून शाळा सकाळच्या होतात. बाजार दुपारी ओस पडतो आणि ऊन कललं की पुन्हा भरतो. बाहेर जाणं भागच पडलं तर कान झाकले जातील असा दुपट्टा डोक्याला गुंडाळायचा, खिशात कांदा ठेवायचा, आल्यावर पन्हं प्यायचं, हे तिथलं लहान मूलही जाणतं. रात्री गच्चीवर पाणी शिंपडून अंथरुणं टाकायची. मग ‘पंचेचाळिसात राहणारे’ म्हणजे नेमकं कोण? विदर्भ पंचेचाळीस अंशांत राहत नाही. पंचेचाळीस अंशांपासून स्वतःला वाचवत राहतो. त्यासाठी त्यानं घर, कपडे, जेवण आणि घड्याळ, सगळं त्या उन्हाच्या हिशोबानं लावून घेतलं आहे. हे शहाणपण विसरून फक्त आकडा सोबत न्यायचा आणि त्याच्या जोरावर परक्या शहरात भर दुपारी पायपीट करायची, याला विदर्भाचा वारसा कसं म्हणायचं?

शरीराचीही हीच गोष्ट. उन्हाची सवय ही रक्तात उतरलेली जातकुळी नव्हे. उन्हात वावरणाऱ्या शरीराला ती आठवडा-दोन आठवड्यांत लागते. घाम लवकर सुटू लागतो, घामातून मीठ कमी जातं, हृदयावरचा ताण उतरतो. आणि ऊन सुटलं की काही आठवड्यांत ती सवयही सुटते. हिंजवडीच्या एसी कचेरीतून निघून, एसी टॅक्सीनं विमानतळावर जाऊन, एसी विमानातून ल्योंला उतरलेल्या माणसाचं शरीर चोवीस अंशांना सरावलेलं असतं. त्याचे आजोबा आर्वीला शेती करत होते, याचा त्याच्या घामाच्या ग्रंथींना काय पत्ता?

आता तिथलं ऊन. ल्यों पंचेचाळीस अंश अक्षांशाच्या थोडं वर आहे. जूनच्या अखेरीस तिथं दिवस साडेपंधरा तासांहून मोठा असतो. सूर्य सहाच्या आत उगवतो आणि रात्री साडेनऊनंतर मावळतो. अकोल्यात त्याच दिवसांत तो सव्वातेरा तासांच्या आसपास असतो. म्हणजे ल्योंच्या भिंती आणि डांबर आपल्याकडच्यापेक्षा दोन तासांहून अधिक वेळ तापतात आणि निवायला त्यांना तेवढीच लहान रात्र मिळते. त्यात उन्हाळ्यात तिथलं घड्याळ एक तास पुढं सरकवलेलं असतं. अकोल्यात सूर्य साधारण बारा-वीसला माथ्यावर येतो, ल्योंमध्ये पावणेदोनच्या सुमारास. आपला माणूस सवयीनं बारा ते तीन सावलीत बसतो आणि चार वाजता ‘ऊन उतरलं’ म्हणून बाहेर पडतो. तिथं खरा ताप त्यानंतर चढतो, पारा सर्वांत वर जातो तो पाच-सहा वाजता. संध्याकाळी पाचचं ऊन आपल्या पावणेचारच्या उन्हाइतकं उभं असतं आणि त्याच वेळी दगडी भिंती दिवसभराची धग परत सोडत असतात. एवढी साधी गोष्ट एकाही सल्लागारानं मला निघताना सांगितली नाही. “आपल्याला काय होतंय” हे मात्र सगळ्यांनी सांगितलं.

आणि घरं. ल्योंच्या मधल्या भागात, ऱ्होन आणि सोन या दोन नद्यांच्या मधल्या पट्टीत, पाच-सहा मजली जुन्या इमारती भिंतीला भिंत लावून उभ्या आहेत. त्या थंडी अडवण्यासाठी बांधलेल्या आहेत, आणि आत शिरलेली उष्णताही त्या तशाच धरून ठेवतात. छताला पंखा नाही. वरचा मजला छपराखाली. क्र्वा-रूस टेकडीवर रेशीम विणणाऱ्या कारागिरांची घरं आहेत, छत जमिनीपासून चार मीटर उंच, खिडक्याही तेवढ्याच लांबलचक. पाहणाऱ्याला वाटतं, काय हवेशीर घर! पण ती उंची जॅकार्डच्या मागासाठी होती. माणसं त्याच खोलीत छताखाली लाकडी माळा टाकून त्यावर झोपत, आणि गरम हवा वर चढते. आज त्या माळ्यांवर विद्यार्थी आणि माझ्यासारखे पाहुणे झोपतात. अशा माळ्यावर रात्री बारा वाजता पडल्यावर दिवसाचा पारा किती होता याला काही अर्थ उरत नाही.

फ्रान्सच्या हवामान खात्याला हे कळतं. तिथला उष्णतेचा इशारा केवळ दिवसाच्या पाऱ्यावर ठरत नाही, रात्रीचा पाराही त्यात धरतात, तोही सलग तीन दिवसांचा, आणि प्रत्येक जिल्ह्याची मर्यादा वेगळी असते. पॅरिसची मर्यादा दिवसा ३१ आणि रात्री २१ अंश. एकतीस वाचून आपल्याकडं हसू फुटतं. हसणाऱ्यानं पुढचा एकवीस वाचावा. रात्री शरीर निवलं नाही तर दुसऱ्या दिवशी ते आदल्या दिवशीचं ओझं घेऊनच उठतं, आणि तिसऱ्या दिवशी म्हातारं हृदय थकतं. इशारा त्या हृदयासाठी आहे.

हा हिशोब त्या देशानं फार मोठी किंमत देऊन शिकला. २००३ च्या ऑगस्टमध्ये, पहिल्या वीस दिवसांत, फ्रान्समध्ये नेहमीपेक्षा सुमारे १५ हजार माणसं जास्त दगावली. बहुतेक पंच्याहत्तरीच्या पुढची. अनेक जण एकटे राहणारे, छपराखालच्या खोल्यांत, मुलं-शेजारी-डॉक्टर ऑगस्टच्या सुटीवर गेलेले. पॅरिसमध्ये ५७ जणांचे मृतदेह न्यायला कुणीच आलं नाही. ३ सप्टेंबरला तिए इथल्या दफनभूमीत त्यांना सरकारनं मूठमाती दिली आणि राष्ट्राध्यक्ष जाक शिराक तिथं उभे राहिले. या माणसांना नाजूक म्हणायचं? २००३ साली ऐंशी ओलांडलेल्यांनी ऐन तारुण्यात जर्मन फौजांचा ताबा पाहिला होता, रेशनवर दिवस काढले होते, बिनकोळशाचे हिवाळे काढले होते. त्यांना मारलं ते अंगातल्या कमकुवतपणानं नव्हे. दार ठोठावून “पाणी प्यालात का?” असं विचारणारं कुणी नव्हतं म्हणून ती गेली.

माझा सगळा वाद इथं येऊन पोहोचतो. उष्णता ही एकट्या शरीराच्या सहनशक्तीची परीक्षा नाही. घर कसं आहे, रात्र कशी जाते, दिवस कसा लावलेला आहे आणि आपली चौकशी कोण करतं, यावर माणूस जगतो किंवा मरतो. बढाई मारणारे या चारही गोष्टी वगळून फक्त आकडा धरतात.

फ्रान्सनं नंतर काय केलं तेही सांगायला हवं, कारण ‘आळशी’ हा शब्द अजून उत्तराविना उभा आहे. २००४ पासून उष्णतेच्या लाटेसाठी राष्ट्रीय आराखडा आहे. गावोगावच्या महापौरांकडं एकट्या राहणाऱ्या वृद्धांची आणि अपंगांची नोंदवही असते आणि लाट आली की त्यांना फोन केले जातात. इशाऱ्याचे चार रंग ठरले. त्यातला लाल रंग उष्णतेसाठी पहिल्यांदा जून २०१९ मध्ये लागला आणि २८ जूनला दक्षिणेतल्या व्हेरार्गला ४६ अंश नोंदले गेले. म्हणजे ‘आमचा’ पंचेचाळीस आता त्यांच्याकडंही पोहोचला आहे, त्या बढाईचा पायाच उरलेला नाही. आणि २००४ च्या कायद्यानं त्या देशानं पेंटेकॉस्टच्या सोमवारची सुटी सोडून तो कामाचा दिवस केला, त्यातून येणारा पैसा वृद्ध आणि अपंगांच्या देखभालीसाठी वेगळा काढला. देशभरच्या कामगारांच्या हक्काच्या सुटीतला एक दिवस म्हाताऱ्यांसाठी दिला गेला. हक्काची सुटी सोडणाऱ्या लोकांना आळशी म्हणताना जीभ अडखळायला हवी.

“मग सरळ एसी का लावत नाहीत?” फ्रान्समधल्या सुमारे पाव घरांतच एसी आहे, हे खरं. जुन्या ल्योंचा मोठा भाग १९९८ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे. तिथल्या इमारतीच्या दर्शनी भिंतीवर यंत्राचा डबा टांगायला सोसायटीची परवानगी लागते आणि वारसा सांभाळणाऱ्या सरकारी वास्तुतज्ज्ञाचीही. पण नियम बाजूला ठेवले तरी प्रश्न उरतो. एसी खोलीतली उष्णता नष्ट करत नाही, रस्त्यावर ओततो. अरुंद गल्लीत शंभर डबे लागले तर गल्लीतून चालणाऱ्याचं काय? आणि वीज कुठून आणायची? ल्योंच्या वरच्या अंगाला ऱ्होनकाठी ब्यूझेचा अणुवीज प्रकल्प आहे. उन्हाळ्यात नदीचं पाणी तापलं की तिथलं उत्पादन कमी करावं लागतं, कारण आधीच गरम झालेल्या नदीत आणखी गरम पाणी सोडलं तर मासे मरतात. विजेची गरज वाढते त्याच दिवसांत वीज कमी होते.

शहरानं दुसरी वाट धरली आहे, आणि ती पायी चालणाऱ्यालाच दिसते. गारिबाल्दी रस्ता १९६० च्या दशकात गाड्यांसाठी जवळजवळ महामार्ग करून टाकला होता, चौकांखालून भुयारी मार्ग काढून. आता त्याच्या मोठ्या पट्ट्यावर झाडं, झुडपं आणि चालण्याची वाट आहे, आणि गाड्यांच्या एका जुन्या भुयारात पावसाचं पाणी साठवून ते झाडांना देतात. ऱ्होनचा डावा काठ पूर्वी गाड्या लावण्याची जागा होती. २००७ मध्ये तिथं पाच किलोमीटर लांबीचा पायी आणि सायकलनं फिरायचा काठ तयार झाला, तेत दॉर बागेपासून दक्षिणेला गेर्लांपर्यंत. लाटेच्या दिवसांत संध्याकाळी त्या काठावर अर्धं शहर उतरतं, घरं निवेपर्यंत बसून राहतं, आजी-आजोबा, तान्ही बाळं, विद्यार्थी सगळे. पुण्यात मुठेच्या काठावर आपण काय केलं, हा प्रश्न त्या पायऱ्यांवर बसून मला छळत राहिला.

आणि बंद खिडक्या. मी राहत होते त्या घराच्या मालकीणबाई सत्तरीच्या होत्या. पहिल्याच दिवशी त्यांनी मला लाकडी झडपा कशा लावायच्या ते हात धरून दाखवलं. सकाळी नऊच्या आत काच आणि झडप दोन्ही बंद, रात्री बाहेरची हवा आतल्यापेक्षा गार झाली की सगळं सताड उघडं, समोरासमोरच्या खिडक्या एकदम. आपल्याकडून गेलेली माणसं दुपारी त्या मिटलेल्या रस्त्यावरून जाताना “शहर मेलंय जणू” म्हणतात. त्यांच्या आजीच्या घरी वाळ्याच्या ताट्यांमागं हेच चाललेलं असायचं. आपलं ते शहाणपण आणि त्यांचा तो आळस, हे कुठल्या न्यायानं?

आता शेवटचा आणि मला सर्वांत चीड आणणारा मुद्दा, की अशा दिवसांत एकटीनं जाऊच नये.

बेलकूर हा ल्योंचा मुख्य चौक. प्रचंड मोकळा, तांबड्या मुरमाचा, मधोमध चौदाव्या लुईचा घोड्यावरचा पुतळा, झाडं फक्त कडेला. दुपारी साडेतीनला त्या मुरमावर उभे केलेले पर्यटकांचे घोळके मी पाहिले. हातात झेंडी धरलेला मार्गदर्शक इतिहास सांगतोय, मागच्या रांगेतल्या साडीतल्या आजी पिशवीनं वारा घेतायत आणि कुणी त्यांच्याकडं बघत नाही, कारण चार वाजता बस फूर्व्हिएरच्या टेकडीकडं निघायची आहे. घोळका सुरक्षित असतो हे कुणी ठरवलं? घोळक्याला वेळापत्रक असतं आणि ते महिनोन्‌महिने आधी छापलेलं असतं. ऑगस्टमधला लाल इशारा त्याला ठाऊक नसतो. एकाला गरगरलं तर चाळीस जण थांबत नाहीत, त्या एकालाच “थोडं सोसा” म्हणतात. एसी बसचा गारवा, मग भट्टीतला चौक, मग पुन्हा गारवा, असं दिवसातून सात-आठ वेळा करत राहिलं तर शरीराला कशाची सवय लागणार? एकट्या माणसाला मात्र कुणाची परवानगी न घेता बसता येतं. बेत रद्द करता येतो. दुपारी झोपता येतं. उन्हात यापेक्षा मोठं संरक्षण दुसरं नाही.

मी ल्यों असं पाहिलं. पहाटे उठून फूर्व्हिएरच्या टेकडीवर, जिथं इसवी सनापूर्वी ४३ मध्ये रोमनांनी हे शहर वसवलं. तिथल्या जुन्या रंगमंडलाच्या दगडी पायऱ्या सकाळी गार असतात आणि तिथून दोन्ही नद्यांच्या पलीकडचं शहर उन्हात पांढरं पडण्याआधी नीट दिसतं. ऊन चढलं की खाली उतरून जुन्या वस्तीतल्या त्राबूलमध्ये शिरायचं. त्राबूल म्हणजे एका रस्त्यावरून घराच्या दारातून आत शिरून, अंगण, जिना, बोळ असं करत दुसऱ्या रस्त्यावर बाहेर काढणारी झाकलेली वाट. सँ-झाँ रस्त्यावरच्या ५४ नंबरच्या दारातून शिरलं की चार-पाच अंगणं ओलांडून ब्यफ रस्त्यावर २७ नंबरला बाहेर पडतो. रस्त्यावर डांबर मऊ झालेलं असताना आत दगड गार असतो, अंगणाच्या उंच चौकोनातून हवा वर ओढली जाते, जिन्याच्या कमानींत सावली साचून असते. युद्धाच्या काळात प्रतिकार चळवळीची माणसं याच वाटांनी जर्मन पोलिसांना चकवत. आजही तिथं लोक राहतात, त्यांच्या दारातून जाऊ देतात, म्हणून आत हळू बोलायचं असतं. चाळीस जणांच्या घोळक्याला त्या बोळात शिरताच येत नाही. शिरला तर ती शांतता आणि त्या घरांची झोप दोन्ही मोडते. म्हणजे ज्या जागा या शहरानं उन्हापासून वाचण्यासाठी आपसूक जपल्या, त्या एकट्या-दुकट्या माणसाच्याच मापाच्या आहेत.

दुपारचं काय, पैसे वसूल कसे होणार? एका जळत्या दुपारी मी मोंप्लेझिर भागात लुमिएर कुटुंबाच्या वाड्यात जाऊन बसले. १८९५ च्या मार्चमध्ये कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या कामगारांचं चित्रण इथंच झालं. त्या रस्त्याचं नाव आता ‘पहिल्या चित्रपटाचा रस्ता’ आहे आणि कारखान्याची जी शेड उरली ती चित्रपटगृहात जपली आहे. इथली यंत्रं आणि फिती घेऊन लुमिएर यांचा माणूस मुंबईला आला आणि ७ जुलै १८९६ ला वॉटसन हॉटेलात त्यानं पहिला खेळ केला. लुमिएरचा खेळ पाहून सावे दादा म्हणजे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर यांनी कॅमेरा मागवला, आणि आपल्याकडं चित्रण सुरू झालं. ही जागा मराठी माणसाच्या यादीत पहिली हवी. ती घाईच्या सहलींत क्वचितच असते, कारण ती शहराच्या मध्यापासून दूर आहे आणि तिथं निवांत बसावं लागतं. बाहेर पारा चढत असताना मी त्या काळोखात मिनिटभराच्या त्या फिती पुन्हा पुन्हा पाहिल्या. कुठल्या दुपारचे पैसे याहून जास्त वसूल झाले असते?

एकट्या प्रवाशाला धोका आहेच, पण तो बढाईखोर सांगतात तिथं नाही. ऊन लागण्याचं पहिलं लक्षण अनेकदा बुद्धीवर येतं. माणूस गोंधळतो, चिडतो, हट्टानं चालत राहतो, आणि आपल्याला काही झालंय हे त्यालाच कळत नाही. बरोबरच्या माणसाला ते दिसतं, एकट्याला दिसत नाही. शिवाय महापौरांच्या नोंदवहीत परदेशी पाहुण्याचं नाव नसतं. २००३ मध्ये जे एकटे होते त्यांच्यासारख्यांना आज फोन येतो, पाहुण्याला येत नाही. म्हणून हे काम ज्यानं त्यानं स्वतः करायचं. मी रोज सकाळी मालकीणबाईंना कुठं जाते ते सांगून निघत असे आणि आल्यावर त्यांचं दार वाजवत असे. त्याबद्दल त्यांनी कधी नवल केलं नाही. त्यांच्या पिढीला त्याचं कारण ठाऊक आहे. १५ हा रुग्णवाहिकेचा नंबर, ११२ सगळ्या मदतीचा. जेवणाबरोबर नळाचं पाणी फुकट देणं तिथल्या हॉटेलांवर कायद्यानं बंधनकारक आहे, ते मागायला लाजू नये. औषधाच्या दुकानावर हिरवा क्रूस लुकलुकत असतो, आतल्या फार्मासिस्टला विचारलं तर तो बसवून घेतो आणि पाणी देतो. हा सल्ला देण्यासारखा आहे. ‘आपण पंचेचाळीसवाले’ हा सल्ला नाही, तो माणसाला त्याच्या शरीराचं ऐकू न देणारा आवाज आहे.

आणि हा आवाज फक्त परदेशात घातक ठरतो असंही नाही. १६ एप्रिल २०२३ ला नवी मुंबईत खारघरला महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा सोहळा झाला. उघड्या मैदानात लाखो माणसं सकाळपासून दुपारपर्यंत उन्हात बसली होती. पारा चाळिशीच्या आतच होता. उष्माघातानं दहापेक्षा जास्त माणसं दगावली. ती याच मातीतली होती, उन्हाला सरावलेली, आपल्यातली. त्यांच्यापैकी एकालाही मोठ्या आकड्याच्या आठवणीनं वाचवलं नाही. त्यांना सावली हवी होती, पाणी हवं होतं आणि ‘उठा, चला आता’ असं म्हणणारं कुणीतरी हवं होतं. त्या मैदानाची बातमी वाचल्यानंतरही फ्रान्सच्या अडतीस अंशांवर विनोद करायला जे धजतात, त्यांचं त्या घरांना काय उत्तर आहे?

पुढच्या जूनमध्ये कुणाची मुलगी, सून, मावशी एकटीच ल्योंला, तूलूजला, मार्सेयला निघाली, तर तिला विदर्भाचा पारा ऐकवू नका. पाच वाजता बाहेर पडू नकोस म्हणा. झडपा कधी लावायच्या ते सांगा, दोन नंबर पाठ करून घ्या, आणि रोज रात्री तिथल्या दहा वाजता, म्हणजे आपल्याकडच्या दीड वाजता, जागं राहून तिला फोन करा.